आधी विचारा, मग डोळे मिटा

बोर्डिंगातल्या मुलांना कोणी 'बिचारी' म्हटलं, की काका त्या माणसाला कांदे सोलायला बसवत. नियम सर्वांना सारखा होता. माणूस पहिल्यांदा आलेला कॉलेजचा विद्यार्थी असो किंवा फळांची टोपली घेऊन आलेला वाशीचा व्यापारी, तो शब्द तोंडातून निघाला की ते उठत. त्या माणसाच्या कोपराला हात लावून त्याला स्वयंपाकघरात नेत, पाटावर बसवत आणि पुढ्यात कांद्यांचं घमेलं ठेवत. थोड्या वेळाने माणूस डोळे पुसायला लागला की म्हणत, "आता रडा. आता कारण आहे."

आमचे पाळकसाहेब पहिल्याच भेटीत सापडले. सेमिनरीतून नुकतेच आलेले, तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट. प्रार्थना करताना "हे प्रभू, या बिचाऱ्या लेकरांवर" असं म्हणून गेले. प्रार्थना पुरी होऊ दिली गेली. 'आमेन' झाल्याबरोबर त्यांच्या कोपराला हात लागला. स्वयंपाकघरात करावे गावच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी पाळकसाहेबांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "पाळकसायब, तुमी नुसतं सोला. कापायचं मी बघतंय." मग काकांकडे मान वळवून, ते ऐकत असतानाच आम्हाला, "ह्यो मानूस येरा हाय. पन चांगला हाय."

येरा म्हणजे वेडा. त्या वेड्या माणसाला मुलं आणि आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांचं नाव इथे देत नाही. हयात असते तर नाव छापल्याबद्दल त्यांनी मला घमेल्यापुढे बसवलं असतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. नेरूळमध्ये इमारती उभ्या राहत होत्या आणि रस्ते मागून येत होते. आमच्या मराठी मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन रविवारी उपासना व्हायची. त्या मंडळीतले काही जण शनिवारी दुपारी खाडीच्या बाजूच्या एका मुलींच्या बोर्डिंगात जात. एक ख्रिस्ती संस्था ते चालवत होती. आईवडील नसलेल्या, किंवा असून नसल्यासारखे असलेल्या मुली तिथे राहून शिकत. दहा वर्षांपर्यंतचे मुलगेही असत. मुली सगळ्या धर्मांच्या आणि सगळ्या गावांकडच्या होत्या. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे. जायला एवढं कारण पुरलं.

काका बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बुटके, अंगाने भरलेले, जाड भिंगांचा चष्मा, राखाडी सफारी. हातात रेक्झिनची बॅग आणि बारा महिने छत्री. मूळ नगरकडचे. मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकलेले, पण आईवडील असलेले. ते स्वतःच हे सांगून टाकत. "मी पोरका नव्हतो. उगाच माझ्यात काही शोधू नका." त्यांच्यात काही शोधायला येणारे लोक होतेच. समाजसेवा करणाऱ्याच्या पोटात काहीतरी दुःख असलं पाहिजे, अशी लोकांची समजूत असते. काकांच्या पोटात पित्त होतं. ते त्याबद्दल मोकळेपणाने बोलत.

त्यांची सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे ते प्रत्येक मुलाला अहो-जाहो करत. पाचवीतली मुलगी असो की नाक पुसायला न शिकलेला शेंबडा मुलगा. "अहो संगीता, दूध प्यालात का?" "राजू, आपण काल भिंतीवर चढला होता असं ऐकलं. खरं काय?" मुलं पहिल्यांदा मागे वळून बघत, कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मग हसत. मग काही दिवसांनी हसणं थांबे, आणि काकांशी बोलताना ती जरा ताठ उभी राहू लागत. मोठ्या माणसांना मात्र ते मनात आलं की बिनदिक्कत अरे-तुरे करत. संस्थेच्या अध्यक्षांना एकदा "तू जरा सरक, मुली जेवायला बसतायत" असं म्हणाले. अध्यक्ष सरकले.

काकांच्या मिसेस शिक्षिका होत्या आणि कधीकधी बरोबर येत. त्यांना ही सवय मान्य नव्हती असं नाही, पण त्यांचं एक म्हणणं होतं. "घरी मला म्हणतात, 'ए, चहा टाक.' आणि इथे बघा. अहो संगीता. मीपण इथे नाव घालते." काका शांतपणे म्हणाले, "घाल. पण केस दोन वेण्यांतच बांधावे लागतील." बाईंनी पदर कमरेला खोचला आणि मुलींबरोबर धुणी वाळत घालायला गेल्या.

कॅरममध्ये ते कधीही मुलांना मुद्दाम जिंकू देत नसत. आमच्यातला एखादा प्रेमळ माणूस सोपी सोंगटी सोडून द्यायचा. काकांना ते दिसलं की बोर्डापाशी येऊन सर्वांदेखत सांगत, "यांनी आत्ता तुम्हाला फसवलं." स्वतः मात्र दात-ओठ खाऊन खेळत, क्वीन घेत, कव्हर घेत, आणि समोरच्या सातवीतल्या मुलीला म्हणत, "हरलात. पुढच्या शनिवारी या." मंदा नावाच्या एका मुलीने खूप महिने हरून अखेर त्यांना स्वच्छ हरवलं. बोर्डिंगात दिवाळी झाली. काका जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आमटी पुढे केली तरी मान हलवून नको म्हणाले. सगळ्यांना वाटलं गंमत करताहेत. ते खरंच रुसले होते. मंदाला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोठ्या माणसाला रुसवता येईल इतकी आपली किंमत आहे, हे तिला बहुधा त्या दिवशी प्रथम समजलं.

पाहुणे आले की मुलींना आभाराचं गाणं म्हणावं लागे. दोन रांगा, हात जोडलेले, पेटीवर एक मोठी मुलगी. काका अशा वेळी पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसत नसत. मुलींच्या मागच्या रांगेत, छत्री काखेत धरून, उभे राहत आणि गाणं म्हणत. बेसूर. पाहुण्यांना हे सद्गृहस्थ कोण ते कळायचं नाही. एकाने विचारलं, "आपण इथे शिकवता का?" काका म्हणाले, "नाही, मी आभारी आहे." त्यापुढे संभाषण गेलं नाही.

आता त्यांच्या प्रार्थनेविषयी. ते डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत. आमच्या मंडळीत याची थोडी कुजबुज होती. लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं, हात जोडा, डोळे मिटा. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांना सरळ विचारलं, "तुमचे डोळे मिटत का नाहीत हो?" ते म्हणाले, "बाई, मिटले की झोप लागते. उपासना आहे, डुलकी नको. बाकीचे मिटतातच की." बाई म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळतं बाकीचे मिटतात ते?" ते म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं मी मिटत नाही ते?"

शनिवारी खेळ आणि अभ्यास झाला की शेवटी प्रार्थनेचा तास असे. मुलं गोल बसत. ज्याला हवं त्याने आपली विनंती सांगायची आणि मग पाळकसाहेब सगळ्या विनंत्या मिळून प्रार्थना करायचे. विनंत्या साध्या असत. गणिताच्या पेपरासाठी. पोटदुखीसाठी. मावशींच्या गुडघ्यासाठी. एकदा एका लहान मुलाने कुत्र्याच्या पिल्लासाठी प्रार्थना मागितली होती आणि पाळकसाहेबांनी तीही नीट, त्याच्या रंगासकट, देवाला सांगितली.

कुसुम नावाची एक मुलगी सातवीत होती. शांत, कामसू, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. बोर्डिंगच्या अधीक्षिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगत, "तिच्यासारखं वागा." कुसुमची विनंती दर शनिवारी एकच असे. "माझ्या भावासाठी." एवढंच. पाळकसाहेब मान हलवत. आम्ही डोळे मिटायचो. पाळकसाहेबांची वाणी चांगली होती आणि ते त्या भावासाठी मनापासून प्रार्थना करत. प्रभू, तो जिथे असेल तिथे तुझी छाया त्याच्यावर राहो. आम्ही सगळे मोठ्याने 'आमेन' म्हणत असू. पावसाळ्यात सुरू झालेलं हे नाताळ उलटून गेल्यावरही चालू होतं. कोणालाही यात काही उणं दिसलं नाही. विनंती येत होती, प्रार्थना होत होती. आमच्या दृष्टीने काम चोख चाललं होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी काकांना, डोळे उघडे असल्यामुळे, एक गोष्ट दिसली. पाळकसाहेब 'तो जिथे असेल तिथे' म्हणत असताना कुसुमने डोळे उघडले होते. ती पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत होती. आमेन झालं. मुलं उठायला लागली. काका म्हणाले, "थांबा. कुसुम, आपले बंधू कुठे असतात?"

"पेणला."

"काय करतात?"

"शाळेत आहे. आपल्याच मुलांच्या बोर्डिंगमध्ये."

ही गोष्ट समजायला थोडा वेळ लागला. संस्थेचं दुसरं, मुलग्यांचं बोर्डिंग पेणच्या पुढे होतं. दहा वर्षं पुरी झाली की इथले मुलगे जूनमध्ये तिकडे जात. तो नियम आम्हाला माहीत होता. गेल्या जूनमध्ये गेलेल्या मुलांना आम्ही खाऊ देऊन निरोपही दिला होता. त्यातला दिलीप नावाचा मुलगा कुसुमचा सख्खा भाऊ होता. आम्ही त्याला ओळखत होतो. काका त्याच्याशी कॅरम खेळले होते. सगळीच मुलं एकमेकांना ताई-दादा म्हणत, त्यात ही दोघं सख्खी आहेत हे आमच्यातल्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"त्यानंतर भेटलात?"

"नाही."

"मॅडमना सांगितलंत?"

कुसुम जरा गोंधळली. "दर शनिवारी सांगते ना," ती म्हणाली. "तुम्हालाच."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, "जूनपासून आपण देवाला पेणचा पत्ता शोधायला लावतोय. ही समोर बसलीय."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "काका, प्रार्थना वाया जात नाही."

"वाया गेली असं कुठे म्हणतो? पोचलीय की. फक्त ती आपल्या पत्त्यावर आली होती आणि आपण दार उघडलं नाही."

त्या दिवसापासून आमच्या गटाला एक नियम लागला. कोणीही प्रार्थनेची विनंती सांगितली की आधी त्याला निदान एक प्रश्न विचारायचा. पोट दुखतंय? कधीपासून? काय खाल्लं? गणिताची भीती वाटते? कोणत्या गणिताची? उत्तर ऐकायचं, आपल्या हातातलं असेल ते उचलायचं, आणि मग देवाला सांगायचं. काकांच्या शब्दांत, "आधी विचारा, मग डोळे मिटा." प्रार्थनेचा तास लांबायला लागला. पाळकसाहेबांनी तो नियम पुढे रविवारच्या उपासनेतही आणला आणि मंडळीतल्या लोकांची थोडी पंचाईत झाली. 'माझ्या अडचणीसाठी प्रार्थना करा' असं मोघम म्हणून बसता येईना.

कुसुमचं काम मात्र प्रश्न विचारून होणारं नव्हतं. काका त्याच दिवशी मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नव्हत्या. हाताखाली दोन बायका आणि एवढ्या मुली. रात्री कोणी तापली तर त्याच उठत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, एकीला नेलं की बाकीच्या रडतील."

"रडू द्या."

"तुम्हाला काय होतंय सांगायला. आवरायचं मला असतं."

"खरं आहे. पण ती रडत नाही याची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही तिला शहाणी म्हणता. मला ती थकलेली दिसते."

मॅडमनी हजेरीची वही मिटली. मग म्हणाल्या, "मुलींना बोर्डिंगबाहेर गावाला न्यायचं तर सेक्रेटरींची परवानगी लागते. ती माझ्या हातात नाही. आणि ते देणार नाहीत. कोणाला काही झालं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं."

संस्थेचे सेक्रेटरी वाशीला दातांचे डॉक्टर होते. दवाखाना चालता होता. पहिल्यांदा काका गेले तेव्हा डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की असा पायंडा पाडता येणार नाही. काकांनी वाद घातला नाही. सरकारी नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते आणि ती ते आम्हा तरुणांना अनेकदा ऐकवत. "कागद चालत नाही. माणूस चालतो. कागद त्याच्या मागून येतो." दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते परत दवाखान्यात गेले. कंपाउंडरकडे नाव लावून, गाल सुजलेल्या पेशंटांमध्ये, छत्री दोन गुडघ्यांत धरून बसले. नंबर आला. आत जाऊन खुर्चीवर न बसता म्हणाले, "दात ठीक आहेत. पेणचं काय झालं?"

डॉक्टर म्हणाले, "काल सांगितलं ना?"

"बरं," म्हणून काका बाहेर आले. तिसऱ्या दिवशी परत नंबर लावला.

हे बरेच दिवस चाललं. कंपाउंडर त्यांना ओळखू लागला. बाकावरचे पेशंट त्यांच्याकडे सल्ला मागू लागले. एका आजीबाईंना त्यांनी लवंग धरायला सांगितली आणि त्या उठून घरी गेल्या. डॉक्टर वैतागले. पण त्यांच्यात विनोदबुद्धी होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. एका संध्याकाळी काकांनी "दात ठीक आहेत" म्हटल्यावर ते म्हणाले, "ते मी ठरवतो. बसा." काका बसले. तोंड उघडलं. उजवीकडची मागची दाढ आतून पार गेलेली होती. डॉक्टरांनी सुई दिली आणि दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा, निम्मा चेहरा बधीर. काका खुर्चीवरून उठले, डॉक्टरांसमोर उभे राहिले, आणि बोलता येत नसल्यामुळे छत्रीने खिडकीबाहेर पेणच्या दिशेला निशाणा धरला.

डॉक्टर हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "फक्त त्या एका मुलीला. आणि जबाबदारी तुमची."

काकांनी मान हलवली. बोळा काढल्यावर पहिलं वाक्य काय बोलले ते कंपाउंडरने आम्हाला नंतर सांगितलं. "एका मुलीला असं आपण धरू. बाकीच्यांचं मी उद्या येऊन विचारतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाकीच्या कोण?"

ते काकांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मॅडमनी स्वतः विचारलं. कोणाकोणाचा सख्खा भाऊ पेणला आहे? पहिल्यांदा एकही हात वर झाला नाही. मुली एकमेकींकडे बघत होत्या. हा प्रश्न याआधी त्यांना कोणी विचारलेला नव्हता. त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मग कुसुमने हात वर केला. त्यामागून एक, मग आणखी एक. मॅडम भिंतीला टेकल्या. मावशी हातातली पळी तशीच धरून म्हणाल्या, "आगं बया, एवऱ्या जनी?"

पुढची हकीकत आधीच सांगून टाकतो, कारण ती सरळ आहे. डॉक्टरांनी सगळ्यांनाच परवानगी दिली. महिन्यातल्या एका शनिवारी इथल्या बहिणी तिकडे जायच्या, किंवा तिकडचे भाऊ इकडे यायचे. भाऊबीजेला मुलगे नेरूळला येऊ लागले. पहिल्या वर्षी मंडळीत कोणीतरी म्हणालं की ख्रिस्ती संस्थेत हे कसं. काका म्हणाले, "भावाला पाटावर बसवायला बायबलात कुठे मनाई आहे, ते मला दाखव. मी वाचतो." पुढे संस्थेने नियमच बदलला. सख्खी भावंडं असतील तर मुलग्याला दहावीपर्यंत जवळच्या जागी ठेवायची सोय झाली. नियम बदलायचा ठराव डॉक्टरांनी मांडला. काका निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले. आमचा गट पांगला. कोणी डोंबिवलीला, कोणी पुण्याला. पण तिथले आजचे स्वयंसेवक, ज्यांनी काकांना पाहिलेलं नाही, अजूनही विनंती ऐकली की आधी प्रश्न विचारतात. ही पद्धत कुठून आली असं त्यांतल्या एकीला मी विचारलं. ती म्हणाली, "इथे पहिल्यापासून असंच आहे." छापील मजकुरात आयुष्य गेलेल्या माणसाला अभिमान वाटावा अशी फार थोडी वाक्यं ऐकायला मिळतात. ते वाक्य त्यांपैकी आहे.

ती पहिली फेरी फेब्रुवारीतली. मावशींच्या मुलाची ट्रॅक्स गाडी होती. तो सगळ्यांना घेऊन निघाला. मुली मागे दाटीवाटीने बसल्या. मंडळीतली एक नर्स, पाळकसाहेब, काका आणि मी. मावशीही आल्या, भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. पनवेल सोडेपर्यंत मुलींनी गाणी म्हटली. नंतर आवाज कमी कमी होत गेला. कुसुम खिडकीशी होती. नर्सने तिच्या केसांना नवी रिबिन बांधली होती. ती रस्त्यातल्या प्रत्येक पाटीवरचं गावाचं नाव मनातल्या मनात वाचत होती. ओठ हलताना दिसत.

पेणच्या अलीकडे तिने काकांना विचारलं, "तो मला ओळखेल ना?"

काका म्हणाले, "माहीत नाही. आपण विचारू."

मी ऑफिसचा कॅमेरा मागून आणला होता. बोर्डिंगचं फाटक दिसलं तसा तो बाहेर काढला. काकांनी बघितलं. "आत ठेव," ते म्हणाले. "इथे बातमी नाही."

मुलगे चिंचेच्या झाडाखाली रांगेत उभे केले होते. अंघोळ केलेले, तेल लावलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेले. त्यांचे अधीक्षक शेजारी उभे. एक एक मुलगी उतरली. एक जण धावत सुटली आणि भावाला जाऊन धडकली. दुसरीने भावाला शोधायला सगळी रांग पालथी घातली, कारण तो उंच झाला होता. नर्सने रुमाल आधीच काढून ठेवला होता. पाळकसाहेबांचे ओठ हलत होते.

कुसुम शेवटी उतरली. दिलीप रांगेतून पुढे आला आणि तिच्यापासून जरा लांब थांबला. त्याचं डोकं साफ भादरलेलं होतं. उवा झाल्या होत्या, हे अधीक्षकांनी नंतर सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कोणी हात पुढे केला नाही. इतक्या दिवसांची मेहनत, दवाखान्यातले हेलपाटे, दाढ, आणि ही दोघं परक्यासारखी उभी. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "जाऊन हात धर ना, बाळा." ते त्या दोघांना ऐकू गेलं नाही.

दिलीप म्हणाला, "तू का आलीस?"

"तुझं डोकं कोणी भादरलं?"

"तुला काय करायचंय?"

"भोपळा दिसतोयस."

"रिबिन बघ स्वतःची."

कुसुमने एक पाऊल पुढे टाकलं. "माझी कंपासपेटी तू नेलीस."

"माझी होती ती."

"खोटारड्या. मला बक्षीस मिळालेली. तू जाताना पिशवीत घातलीस. मी बघितलं होतं."

"बघितलं होतंस तर तेव्हा का नाय बोललीस?"

"टेम्पो सुटत होता. तू रडत होतास."

"मी नाय रडलो. तू रडलीस."

"मी? मी रडले?"

ही वाणी आम्ही कोणी ऐकलेली नव्हती. शहाणी, शांत, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली कुसुम भर मैदानात भावाचा कान धरायला धावत होती आणि तो भादरलेलं डोकं चुकवत चिंचेच्या बुंध्याभोवती पळत होता. अधीक्षक ओशाळले. पाहुण्यांसमोर हे काय, म्हणून ते पुढे झाले. "ए दिलीप, बहीण इतक्या लांबून आलीय, असं वागतात का?"

काकांनी छत्री आडवी धरली. अधीक्षक थांबले.

"त्यांचं जूनपासून राहिलंय," काका म्हणाले. "होऊ दे."

"अहो, पण मारामारी करतील."

"करतील. भावंडं आहेत."

मग त्यांनी आम्हा सर्वांना मैदानाकडे पाठ करायला लावली. पाळकसाहेब, नर्स, मावशी, अधीक्षक, मी. सगळे ओळीने व्हरांड्याच्या पायरीवर, तोंड भिंतीकडे करून बसलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "काका, बघायचंसुद्धा नाही?" काका म्हणाले, "आपलं तिथे काय काम?"

मागे कुसुमचा आवाज चढत होता. कंपासपेटीनंतर कुठली तरी पेन्सिल निघाली, मग आई असतानाची काहीतरी फार जुनी भानगड. दिलीप एकाला दोन उत्तरं देत होता. काकांचे डोळे समोरच्या चुन्याच्या भिंतीवर होते, मान ताठ होती, आणि मंदाने हरवल्या दिवशी जेवायला बसलेला तो माणूस हाच, यावर विश्वास बसू नये इतके ते खूश दिसत होते.